आई पायाळू नव्हती

माझ्या आईनं अख्ख्या गावाला फसवलं आणि गावच्या काशीनाथ पाटलानं माझ्या आईला फसवलं. आईच्या फसवणुकीनं माणसं पुन्हा पायांवर उभी राहिली. पाटलाच्या फसवणुकीनं माझी आई मरेपर्यंत बदनाम राहिली. मी व्यापारी बाई आहे. मालातली खोट दुकानदारानं आपण होऊन सांगितली, की गिऱ्हाईक उरलेल्या मालावर विश्वास ठेवतं, हे इतकी वर्षं साड्या विकून मला कळलेलं आहे. म्हणून आमच्या बाजूची खोट मी आधीच काढून समोर ठेवली. आता बाकीचा माल पाहा.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, तेलुगू मुलखातल्या मराठी पट्ट्यात, भीमपूरकडचं, पैनगंगेपासून चालत तासाभराच्या अंतरावर. नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. आम्ही बौद्ध. आमचा मोहल्ला गावाच्या उताराला, पावसाळ्यात साऱ्या गावाचं पाणी जिथे येऊन थांबायचं तिथे. बाप काशीनाथ पाटलाकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. घर म्हणजे एक खोली आणि तिच्यापुढे पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, कुडाचा आडोसा. पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की मला जाग यायची. जातं थांबलं की थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही, आणि मग भाकर थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. त्या आवाजावरून पीठ किती आहे ते मला कळायचं. पीठ भरपूर असलं की आईचा हात सावकाश पडायचा. कमी असलं की भाकर पातळ करायला ती घाईनं, जोरानं थापायची. भाकरीबरोबर आंबाडीची भाजी, नाहीतर नुसता लाल मिरचीचा ठेचा. संध्याकाळी ज्वारीच्या कण्या. कापसाच्या दिवसांत या सगळ्यात कापूस असायचा. आईच्या केसांत, बापाच्या मिशीत, कण्यांत, पाण्याच्या गडव्यात. आज माझ्या दुकानात मऊ सुताच्या साडीवरून हात फिरवताना बायका ‘किती छान’ म्हणतात, तेव्हा मला आधी घशात अडकलेला तो तंतू आठवतो.

आता पायाळूचं सांगते. जे मूल पायांकडून जन्माला येतं ते पायाळू. अशा माणसाच्या पायात गुण असतो, त्यानं लचकलेल्या जागेला तीनदा पाय लावला की लचक जाते, उसण भरलेली कंबर मोकळी होते, असं आमच्याकडे मानतात. अजूनही मानतात. माझी आई भागरथा ही आमच्या गावची पायाळू. सकाळी उन्हं अंगणात यायच्या आधी कोणी ना कोणी लंगडत, कण्हत आमच्या दाराशी आलेलं असायचं. ज्यांच्या घरात आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्या कमरेला माझ्या आईचा पाय चालायचा. चांगली धोतर-पागोट्यातली माणसं आमच्या शेणानं सारवलेल्या अंगणात पालथी पडायची, आणि आई लुगडं सावरून, गंभीर चेहरा करून, पावलानं तीन वेळा हलकेच शिवायची. मी कुडाच्या फटीतून पाहायचे. मला हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. दोन्ही एकदम वाटत असतील तर माणूस खूश असतो, असं माझं मत आहे.

पण पाय लावणं हे शेवटचं. त्याच्या आधी बरंच काही व्हायचं, आणि ते गुण येण्यासाठी पाळावंच लागतं असं आई ठणकावून सांगायची. घोटा मुरगळलेली बाई आली की आई पहिल्यांदा तिच्या पायातले तोडे आणि बोटांतली जोडवी काढायला लावायची. “सुजल्यावर निघत नाई वं बाई, मंग सोनाराकडून कापून घेशीन काय?” मग तिला टेकवून बसवायची आणि पाय ज्वारीच्या पोत्यावर, छातीपेक्षा उंच. अंगणात ठेवलेल्या माठाचं पाणी थंडीत दातांना झोंबायचं. त्यात जुन्या लुगड्याचं फडकं भिजवून घोट्यावर ठेवायचं, चार भाकरी होईपर्यंत ठेवायचं आणि काढायचं, तासा-दोन तासांनी पुन्हा. उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी भुशातल्या बर्फाचा तुकडा मिळाला तर तोही फडक्यात गुंडाळून, कातडीला नुसता नाही. मग पट्टी. लुगड्याचा धडपा फाडून लांब पट्टी करायची, बोटांच्या मुळापासून सुरुवात करायची, पावलाखालून घ्यायची, घोट्यावरून उलट फिरवायची, टाच मोकळी दिसू द्यायची नाही आणि पोटरीखाली आणून गाठ मारायची. गाठ मारली की अंगठ्याचं नख दाबून सोडायची. नख पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक. उशीर लागला, बोटं गार पडली, मुंग्या आल्या, की पट्टी सोडून पुन्हा सैल बांधायची. हे सगळं करताना तिचे ओठ हलत असायचे. ती काहीतरी पुटपुटायची, आणि तो मंत्र आहे हे गावाला माहीत होतं. दोन दिवस तेलानं चोळायचं नाही, शेकायचं नाही, हळद-चुन्याचा गरम लेप लावायचा नाही, चालायचं नाही. यातलं काही मोडलं तर पायाचा गुण उलटतो, असं ती सांगायची. गाव मुकाट्यानं ऐकायचं.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. कापसाची बंडी भरून आली होती आणि आम्ही पोरी मागून चढून कापसावर बसलो होतो. पाटलाच्या अंगणात बंडी थांबायच्या आधीच मी उडी मारली. उजवा पाय चाकोरीच्या कडेवर पडला आणि आतल्या बाजूला दुमडला. कानात काहीतरी वाजलं. बापानं मला खांद्यावर टाकून घरी आणलं. मी वाटभर बैलांना, बंडीला आणि बापाला शिव्या दिल्या.

आईनं दारातच म्हटलं, “नाव शांता ठेवलं अन् तोंड पाहा फटाक्याचं! खाली ठेवा तिले.” मग माझ्याकडे वळून, “चार पावलं चालून दाखव.”

“माय वं, पाय मोडला माहा, अन् चाल म्हणतं?”

“मोडला का मुरगळला तेच पाहून राह्यली. चाल. भिताडाले धर, पन चार पावलं टाक.”

मी रडत, शिव्या देत चार पावलं टाकली. तिनं मला बसवलं आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं मागच्या कडेनं अंगठ्यानं दाबत गेली. हाडावर दाबलं तर फारसं दुखलं नाही. हाडाच्या पुढे, खालच्या मऊ जागेवर दाबलं तेव्हा मी ओरडले. “हाड शाबूत हाय,” ती म्हणाली. “हाडावर ओरडली असतीस, नाईतर चार पावलं टाकली नसतीस, त आत्ताच बंडी जुंपून आदिलाबादले फोटू काढाले नेली असती.” फोटू म्हणजे क्ष-किरणांचा. मग पोतं आलं, माठाचं पाणी आलं, पट्टी आली आणि तिचं पुटपुटणंही आलं. त्या दिवशी माझं डोकं तिच्या तोंडाजवळ होतं, म्हणून पहिल्यांदाच मला शब्द नीट ऐकू आले. “रुद्दोद्दु, नडवोद्दु, कट्टु, येत्तु.”

शाळेत आम्हाला दोन वर्षांपासून तेलुगू होती. मी थक्क होऊन तिच्याकडे पाहत राहिले. चोळू नको, चालू नको, बांध, उंच ठेव. मंत्रात एवढंच होतं. आमच्या गावात बायकांना तेलुगू येत नव्हती आणि पुरुषांना बाजारापुरतीच यायची. शिवाय आई ते ओठातल्या ओठात म्हणायची.

पट्टी झाली, नख दाबून झालं. मी वाट पाहत होते. आई उठून चुलीकडे गेली.

“माय, पाय?”

“पाय काय?”

“पाय लाव ना! साऱ्या गावाले लावतं, अन् मलेच काऊन नाई?”

तिनं दाराबाहेर पाहिलं, कोणी नाही याची खात्री केली आणि माझ्याजवळ येऊन बसली. “तुले लावाची गरज नाई,” ती म्हणाली. “तू माहं आयकतं. मी पायाळू नाई, शांते. मी डोक्यानंच आली जगात, साऱ्यासारखी.”

त्या दुपारी तिनं मला सगळं सांगितलं. लग्नाआधी ती दोन-तीन वर्षं एका सरकारी दवाखान्यात झाडलोट करायला जायची. तिथे एक तेलुगू नर्सम्मा होती. तिला मराठी येत नव्हती आणि आईला तेलुगू, पण नर्सम्मा पट्टी बांधताना एकेक शब्द मोठ्यानं म्हणायची आणि आई तो धरून ठेवायची. चार पावलं, हाडाची मागची कड, नखाचा रंग, सगळं तिथलं. मग लग्न होऊन या गावात आली. पहिल्याच वेचणीला शेतात एका बाईचा पाय मुरगळला. चौघीजणी तिचा पाय धरून ओढायला लागल्या, पाचवी गरम तेल आणायला पळाली. आई म्हणाली, ओढू नका. कोणी वळून पाहिलं नाही. नवी सून, त्यात खालच्या मोहल्ल्यातली, तिचं कोण ऐकणार? तेव्हा ती ओरडली, “सरका! मी पायाळू हाय!” आणि पाचही जणी बाजूला झाल्या. “शांते, मी शानपनाचं सांगतलं त कोनी आयकलं नाई. खोटं सांगतलं त साऱ्या हात जोडून उभ्या राह्यल्या. मंग मी काय करू? खोट्याच्या पोटात खरं घालून देतो त्यायले.”

मी आयुष्यात पुष्कळ व्यापारी पाहिले. गुडीहत्नूरच्या बाजारात, आदिलाबादच्या गल्ल्यांत, हैदराबादच्या मोठ्या पेढ्यांवर गाद्यांवर लोळून भाव करणारे पाहिले. गिऱ्हाईकाला काय हवं आहे ते देऊन त्याच्या गळ्यात त्याला काय गरजेचं आहे ते बांधणारा व्यापारी मात्र मी एकच पाहिला, आणि तिला सही करता येत नव्हती.

मी कोणाला सांगणार नाही अशी तिच्या गळ्याची शपथ घेतली. दहा दिवस घरी होते. दोन दिवसांनी सूज उतरू लागली, तशी तिनं मला नवीन काम दिलं. टाच पोत्यावर ठेवून अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवायची. क, का, कि, की. आई भाकरी थापता थापता माझ्या अंगठ्याकडे पाहायची. “मले काय समजते तू काय लिहून राह्यली,” ती म्हणायची, “पन ते वाकडं काढलं. पुन्हा काढ.” आणि खरंच माझा तो ‘कू’ वाकडा निघालेला असायचा. मागच्या वर्षी माझ्या नातीचा पाय खेळताना मुरगळला. आदिलाबादच्या हाडाच्या डॉक्टरनं गुळगुळीत कागदावर छापलेल्या सूचना दिल्या. आराम, थंड शेक, पट्टी, पाय उंच, आणि चार दिवसांनी पायाच्या बोटानं हवेत अक्षरं. मी तो कागद त्याच्यासमोर तीनदा वाचला. डॉक्टरनं विचारलं, “काही शंका आहे का, आजी?” मी म्हटलं, “शंका नाही. तुम्ही हे कुणाकडून घेतलं, एवढंच पाहत होते.”

अकराव्या दिवशी मी शाळेत गेले. वाटेत हापशावर काशीनाथ पाटलाची मुलगी निर्मला भेटली. ती माझ्याच वर्गात. मी हापशाच्या धारेखाली हात धरून पाणी प्यायला वाकले तर ती म्हणाली, “थांब वं, आमचं भरू दे आधी. शिवशीन.”

“पायानं शिवलेलं चालते, अन् हातानं नाई?” मी म्हटलं.

“तुही माय पायाळू म्हणून बाबा तिले अंगनात येऊ देतात. नाईतर कोन इचारते तुमाले?”

माझा राग हा असा आहे, की तो आला की आधी जीभ जाते आणि मग डोकं. मी सगळ्या बायकांसमोर ओरडले, “माही माय पायाळू नाई! तुह्या बापाच्या कमरेवर फुकट पाय देऊन आली ते! दवाखान्यातलं शिकली ते तुमाले देते, अन् तुमी मंत्र समजून घेता, येडे कुठले!”

जिंकल्यासारखं वाटलं. हांडा भरेपर्यंत वाटत राहिलं.

संध्याकाळी आईला चावडीवर बोलावणं आलं. मीही मागे गेले. काशीनाथ पाटील खुर्चीवर, बाकीचे ओट्यावर, माझा बाप खाली मान घालून खांबाशी उभा. पाटलानं विचारलं, “काय वं भागरथे, खरं सांग. तू पायाळू हाय का नाई?”

ती नाकारू शकली असती. तिच्या जन्माचा साक्षीदार त्या गावात कोणी नव्हता. पोरीचं बोलणं पोरकट म्हणून उडवून देता आलं असतं. पण ती म्हणाली, “नाई.”

“मंग आमच्या अंगाले पाय कायले लावला?”

“तुमी कानानं आयकत नव्हते, पाटील.”

ओट्यावर कोणीतरी फिसकन हसलं, आणि त्या हसण्यानं पाटील पेटला. त्यानं फर्मावलं, की ज्यांना ज्यांना भागरथानं पाय लावला त्या सगळ्यांच्या तिनं पाया पडायचं, इथेच, सगळ्या गावासमोर. आणि इथून पुढे कोणाच्या दुखण्याला हात लावायचा नाही. बाप पहिल्यांदा बोलला. “आमी कोनाच्या पाया पडत नाई, पाटील. सोडलं ते आमी.” पाटील म्हणाला, “मंग शेतावर यायचंही सोड.”

आईनं बापाच्या दंडाला हात लावला. मग ती पाटलाशी बोलली, आणि मला सौदा म्हणजे काय ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. “पडतो पाया,” ती म्हणाली. “पन इथं नाई. इथं समदे कुठी हायेत? बाया घरी, म्हातारे घरी. ज्याच्या त्याच्या घरात जाऊन पडीन, एकही सोडनार नाई.” पाटलाला वाटलं, ही जास्तच नमली. त्यानं मान हलवली. त्याच्या ध्यानात आलं नाही, की अंगणाच्या पुढे कधी पाऊल न टाकू दिलेल्या बाईला त्यानं गावातल्या प्रत्येक घरात शिरायची परवानगी दिली.

घरी परतताना मी रडत होते. मला वाटलं, ही आता मारेल. ती म्हणाली, “भांडली ते बरं केलं. पन भांडताना हातातलं समदं एकदम टाकून द्यायचं नसते, शांते. कायतरी पदरात राहू द्यावं.” ते वाक्य मी आजही रोज वापरते. ज्यांनी माझ्याशी भाव केला आहे त्यांना माहीत आहे.

तीन दिवस ती घरोघर फिरली. मला बरोबर घेऊन, मुद्दाम. एकेका उंबऱ्याच्या आत जायची, वाकायची, दोन्ही हातांनी पाऊल धरायची, आणि धरल्याबरोबर तिचे अंगठे घोट्याच्या कडेनं फिरायला लागायचे. पाटलीणबाईंच्या, म्हणजे निर्मलाच्या आईच्या, पाया पडायला ती माजघरात गेली. पाटलीणबाईंनी पाय मागे घेतला. “नको वं भागरथा, पाप लागंल मले.”

“थांबा ना बाई, इथं दुखते का अजून?”

“पायऱ्या चढताना, थोडंसं.”

“पट्टी लवकर सोडली तुमी. आता रोज चुलीजोळ एका पायावर उभ्या राहत जा, भिताडाले हात टेकून. घोट्यात जोर येते.” आणि पाटलीणबाई, सासऱ्याचं खाकरणं ऐकू आलं तरी, पदराआड एका पायावर उभ्या राहून दाखवू लागल्या. गल्लीच्या टोकाला म्हातारे दौलतराव होते, त्यांच्या कमरेवर आईनं निदान दहा वेळा पाय दिला असेल. ते खाटेवरून म्हणाले, “भागरथे, खोट्या पायानं माही कंबर बरी झाली. खरा पाय असता त मी बोरीवर चढलो असतो, अन् पडून मेलो असतो. बरं झालं खोटा होता.” आई तोंडाला पदर लावून हसली. बाहेर बसलेल्या बापाला ते आवडलं नाही. तिसऱ्या दिवशी तो तिला म्हणाला, “पुरे झालं. किती जनाच्या पाया पडशीन?” ती म्हणाली, “मी घोटे पाहून राह्यली वो. अर्ध्या गावानं पट्टी लवकर सोडली.”

अपमान व्हावा म्हणून पाठवलेली बाई गावाची तपासणी करून आली. यापेक्षा मोठा माणूस मी पाहिलेला नाही, आणि मला पाहायचाही नाही.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. संक्रांतीनंतर बोरं पिकली. निर्मला कुंपणाच्या भिंतीवर चढून बोरं पाडत होती, ती दगडासकट खाली आली. तिला उचलून ओसरीवर ठेवलं तेव्हा तिचा पाय बघवत नव्हता. पाटलानं लगेच पैनगंगेपलीकडे माणूस पाठवला. तिकडे एक पायाळू होता, पैलवानासारखा. त्याच्या जन्माच्या वेळची सुईण अजून जिवंत होती, त्यामुळे खोट्याचा प्रश्नच नव्हता. आईला कळलं तशी ती हातातलं पीठ न धुता पाटलाच्या दारात गेली. मी तिच्या मागे होते. जे बोलणं झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

“पाटील, पोरीले चार पावलं टाकता येतात का पाहा. येत नसतीन त ओढू नका. फळी बांधून आदिलाबादले न्या. हाड हाय ते.”

“तुही विद्या संपली, भागरथे. घरी जाय.”

“माह्या विद्येले आग लागू द्या. माहं नका आयकू. डॉक्टरचं आयका, पन त्या मानसाले हात लावू देऊ नका.”

निर्मला आतून रडत म्हणत होती, “भागरथामावशी, नको ना जाऊ.” आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या आईला मावशी म्हणाली. पाटलानं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं तो पायाळू आला. त्यानं तीन लाथा दिल्या आणि वर पाय धरून ओढला. ती किंचाळी आमच्या मोहल्ल्यापर्यंत आली. आई चुलीपुढे बसली होती. तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले, पिठासकट.

आठ दिवसांनी पाय काळानिळा झाला तेव्हा पाटलानं पोरीला आदिलाबादला नेलं. बंडी माझ्या बापानं हाकली, आणि पोरीला उचलून डॉक्टरच्या खोलीत नेलं तेही त्यानंच. डॉक्टर पाटलाला काय म्हणाला ते बापानं ऐकलं. हाडाला नुसती चीर असावी, ती ओढण्यानं सरकली. पहिल्या दिवशी न ओढता आणली असती तर पोरगी महिन्या-दोन महिन्यांत चालली असती. आता पाय आखूड राहील. पाटलानं मान खाली घालून सगळं ऐकलं. आणि गावात परत येऊन, चावडीवर बसून, त्यानं सांगितलं, की भागरथानं दारात येऊन पोरीवर करणी केली, अपमानाचा सूड घेतला, डॉक्टरलाही काही सुचेना. माझा बाप उभा राहून म्हणाला, “पाटील, मी तिथं होतो.” पाटील म्हणाला, “तू भागरथाचाच नवरा.” त्या वर्षाची बोली पुरी व्हायच्या आत बापानं पाटलाचं काम सोडलं आणि आम्ही आदिलाबादला आलो. पुढे मी साड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन त्या घोट्यावर गावोगाव फिरले. घोट्यानं मला कधी दगा दिला नाही.

आई गेली तेव्हा तिला ओळखणारे पुष्कळ लोक आले, गावाकडून मात्र फक्त दौलतरावांचा नातू आला. गावात अजूनही पोरांना सांगतात, की खालच्या मोहल्ल्यातली एक करणीवाली बाई होती. निर्मला याच शहरात असते. कधी बाजारात दिसते, एका पायाला उंच टाचेची चप्पल घालून. माझ्या दुकानासमोर आली की रस्ता ओलांडून पलीकडे जाते. मी तिला दोष देत नाही. जे बापानं सांगितलं ते तिनं खरं मानलं. ज्या तोंडानं ती माझ्या आईला मावशी म्हणाली होती, त्याच तोंडानं इतकी वर्षं ती तिला शाप देत आली असेल, आणि माझ्या आईनं हे माहीत असून मरेपर्यंत एक शब्द काढला नाही. मी विचारलं तर म्हणायची, “पोरीले बाप पाहिजे ना वं. तो खोटा निघाला त तिच्याजोळ काय राहीन?”

ही तिची उदारता होती. माझ्यात ती नाही. हापशावर तोंड मी उघडलं, शपथ मी मोडली, आणि त्यातून जे झालं त्यातला माझा वाटा मी वर माझ्या हातानं लिहिला आहे. आता तुमचा. काशीनाथ पाटील, तुम्ही अजून हयात आहात, मुलाकडे राहता, तुमच्या कानांना नीट ऐकू येतं आणि डोकंही शाबूत आहे, हे मी चौकशी करून मगच लिहिते आहे. पोलीस नको, पंच नको, माफी तर मुळीच नको. निर्मलाला समोर बसवा आणि डॉक्टर तुम्हाला काय म्हणाला होता ते शब्दन् शब्द तिला सांगा. ती तुम्हाला विचारेल, मग बाबा तुम्ही भागरथामावशीचं नाव का घेतलं. त्याचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे, आणि तुम्ही मरायच्या आधी ते मला हवं आहे.